प्रवाळ मत्स्यालयातील नायट्रेट नियंत्रण

प्रवाळ मत्स्यालयातील नायट्रेट नियंत्रण म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात साठत जाणारे नायट्रेट प्रवाळांना व माशांना मानवेल अशा मर्यादेत राखण्याची प्रक्रिया होय. साठ-सत्तर लिटरच्या छोट्या टाकीत पाण्याचा साठा कमी असल्यामुळे हे प्रमाण लवकर वाढते. समुद्रापासून दूर असलेल्या ठिकाणी नायट्रेटचा एक मोठा स्रोत पुष्कळदा टाकीच्या बाहेर, म्हणजे तिच्यात रोज ओतल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यात असतो.

नायट्रेटचा उगम

माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य आणि मृत वनस्पती यांच्या विघटनातून अमोनिया तयार होतो. तो जलचरांना अत्यंत विषारी असतो. टाकीतील खडकांवर व वाळूत वाढणारे जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. मात्र प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात ही साखळी तेथेच थांबते व नायट्रेट साठत राहते. प्राणवायू अत्यल्प असलेल्या जागी, उदाहरणार्थ सच्छिद्र खडकांच्या अंतर्भागात किंवा वाळूच्या खोल थरात, दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात आणि तो हवेत निघून जातो. छोट्या टाकीत अशी जागा थोडीच असते.

परिणाम

प्रवाळखडकांभोवतीच्या स्वच्छ समुद्रजलात नायट्रेटचे प्रमाण सहसा लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. मत्स्यालयात प्रवाळांसाठी साधारणतः २ ते १० मिलिग्रॅम ही मर्यादा सोयीची मानतात. प्रवाळांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म सहजीवी शैवले राहतात व त्यांच्याकडून प्रवाळांना अन्न मिळते. नायट्रेट फार वाढल्यास या शैवलांची बेसुमार वाढ होते, प्रवाळांचा रंग तपकिरी पडतो आणि त्यांचा सांगाडा मंद गतीने वाढतो. काचेवर व खडकांवर उपद्रवी हिरवे शैवलही माजते. मासे याहून बरेच अधिक नायट्रेट सहन करतात. त्यामुळे मासे निरोगी दिसत असतानाही प्रवाळ खंगत असू शकतात.

मापन

नायट्रेट मोजण्यासाठी खाऱ्या पाण्यास चालणारा रंगतुलना संच वापरतात. काही संच संपूर्ण नायट्रेट दाखवतात, तर काही त्यातील केवळ नायट्रोजनचे वजन. दुसऱ्या प्रकारच्या आकड्यास ४.४३ ने गुणले असता नायट्रेटचे प्रमाण मिळते. नव्या टाकीत नायट्राइट शिल्लक असल्यास अनेक संच नायट्रेट वास्तवापेक्षा जास्त दाखवतात. टाकीतील पाण्याबरोबरच नळाच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याचीही चाचणी करणे आवश्यक असते.

भरपाईचे पाणी

टाकीतील पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ व नायट्रेट मागेच राहतात. खारटपणा वाढू नये म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालावी लागते. त्या पाण्यात नायट्रेट असेल तर प्रत्येक भरीबरोबर ते टाकीत येते व साठते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शिर्डी हे याचे समर्पक उदाहरण ठरते. शिर्डी अरबी समुद्रापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामुळे येथे समुद्राचे पाणी आणणे व्यवहार्य नसते. गोड्या पाण्यात सागरी मीठ मिसळूनच टाकी भरावी लागते. राहाता, कोपरगाव व श्रीरामपूर हा परिसर गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांवरील बागायती पट्टा असून ऊस हे तेथील प्रमुख पीक आहे. पिकाने न शोषलेले नत्रखत आणि सांडपाणी यांतून नायट्रेट जमिनीत झिरपते. महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतील भूजलात ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा अधिक असल्याची नोंद केंद्रीय भूजल मंडळाने केली आहे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. मर्यादेच्या आतले पाणी माणसाला चालते. प्रवाळांना तेवढेही फार होते.

६० लिटरच्या टाकीतून रोज १ लिटर पाणी उडते आणि भरपाईच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, असे मानल्यास टाकीतील प्रमाण रोज ०.७५ मिलिग्रॅमने, म्हणजे ३० दिवसांत २२.५ मिलिग्रॅमने वाढते. ही वाढ माशांना खाद्याचा एक कणही न घालता होते. उन्हाळ्यात टाकी थंड ठेवण्यासाठी पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवन वाढते आणि त्याबरोबर भरपाईही वाढते.

पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे ते अधिक दाट होते. तुरटी, क्लोरीन, साधी गाळणी व अतिनील दिवा यांचाही त्यावर परिणाम होत नाही. आरओ यंत्राने बहुतांश व त्यापुढे आयन-विनिमय राळेने उरलेले नायट्रेट निघते. घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे अशुद्ध पाणी शुद्ध पाण्यात मिसळणारी झडप असल्यास ती बंद असावी लागते. टीडीएस मापक केवळ एकूण विरघळलेले क्षार दाखवतो. मात्र राळेतून आलेल्या पाण्याचे टीडीएस शून्य असल्यास त्यात नायट्रेटही उरलेले नाही, असे समजता येते.

पाणी बदलणे

साठलेले नायट्रेट कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे टाकीतील पाणी अंशतः बदलणे. प्रमाण ५० मिलिग्रॅम असताना नायट्रेटमुक्त पाण्याने २० टक्के बदल केल्यास ते ४० वर येते. असे पाच बदल केल्यावर, मधल्या काळात नव्याने भर पडली नाही तर, ते सुमारे १६ वर येते. तेच बदल लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याने केल्यास पहिल्या बदलानंतर प्रमाण केवळ ४९ होते आणि कितीही बदल केले तरी ते ४५ च्या खाली जात नाही. वारंवार पाणी बदलूनही फरक पडत नसेल तर प्रथम गोड्या पाण्याचा स्रोत तपासावा लागतो.

नव्या पाण्याचे तापमान व क्षारता टाकीतील पाण्याइतकी असावी लागते. सर्व पाणी एकदम बदलणे घातक ठरते. काढलेले खारे पाणी झाडांना किंवा शेतात घातल्यास जमीन क्षारपड होते.

अन्य उपाय

मासे मोजके ठेवणे व दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य देणे हा मूळ उपाय होय. गोठवलेले खाद्य वितळल्यावर त्याचे पाणी टाकून देतात. गाळणीतील स्पंजमध्ये अडकलेला कचरा तेथेच कुजतो; म्हणून तो आठवड्यातून एकदा तरी धुतात. प्रोटीन स्किमर हे उपकरण हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या साह्याने सेंद्रिय पदार्थ विघटनापूर्वीच फेसाच्या रूपाने बाहेर काढते. वेगळ्या कप्प्यात प्रकाश देऊन किटोमॉर्फा हे तंतुमय शैवल वाढवल्यास ते नायट्रेट शोषून घेते. वाढलेले शैवल काढून टाकल्यावर तेवढे नायट्रेट टाकीबाहेर जाते.

व्हिनेगर किंवा इथेनॉल अत्यल्प प्रमाणात देऊन नायट्रेट शोषणारे जीवाणू वाढवण्याची पद्धतही आहे. मात्रा चुकल्यास जीवाणूंची संख्या एकाएकी वाढून पाणी गढूळ होते व प्राणवायू घटतो. छोट्या टाकीत अशी चूक सावरण्यास वेळ मिळत नाही, म्हणून नवशिक्यांसाठी ही पद्धत योग्य समजली जात नाही.

अतिरेकाचा धोका

नायट्रेट व फॉस्फेट पूर्णपणे नाहीसे करणेही हितकारक नसते. सहजीवी शैवलांना दोन्ही थोड्या प्रमाणात लागतात. त्यांच्या अभावी प्रवाळ फिके पडतात. नायट्रेट भरपूर व फॉस्फेट जवळजवळ शून्य ही स्थितीही प्रवाळांच्या विरंजनास कारणीभूत ठरू शकते. त्यामुळे प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू खाली आणणे इष्ट असते.

कायदेशीर स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश झाला. भारतीय समुद्रातून ते काढणे व त्यांचा व्यापार करणे गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवणजवळ नैसर्गिक प्रवाळ आढळतात. तेथील समुद्रात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. घरातील टाकीसाठी तेथून प्रवाळाचा तुकडाही आणता येत नाही.