घरच्या संगणकावर पाहुण्याची हद्द

कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या सहकारी समूहाला केंद्रस्थानी ठेवून १९९८ मध्ये जो ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, त्याने वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांत सामाईक संगणक नेले, आणि ऊसनोंद, तोडणी, वजन व बिल यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. या केंद्रांवर संगणक सहसा चालकच हाताळत असे, त्यामुळे कोणाला काय दाखवायचे याची राखण एक माणूस करीत होता. घरातील सामाईक संगणकापुढे असा राखणदार नसतो. सुटीला आलेला भाचा आणि अर्ज भरायला आलेला शेजारी त्याच कळफलकावर बसतात, ज्यावरून घरमालक बँकेचे व्यवहार करतो. म्हणून ही राखण यंत्रणेवरच सोपवावी लागते.

ती यंत्रणा म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, अर्थात विंडोज किंवा लिनक्ससारखी सर्व कामांवर नियंत्रण ठेवणारी मूळ आज्ञावली. प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला ती एक ओळखक्रमांक देते, आणि त्याने एखादी फाइल मागितली की त्या फाइलला जोडलेली परवानगी-यादी, म्हणजे कोणी वाचावे, कोणी बदलावे, कोणी चालवावे याची नोंद, तपासूनच ती उघडते. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात यामागचा विचार नेमका मांडला: प्रत्येकाला कामापुरताच अधिकार असावा आणि स्पष्ट परवानगी नसेल तेथे नकार हेच गृहीत असावे. पन्नास वर्षांनंतरही याहून चांगला नियम सापडलेला नाही.

विंडोज एक्सपीमध्ये पाहुण्यांसाठी तयार खाते असे. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० पासून ती सोय सहज वापरता येत नाही, त्यामुळे ‘सामान्य’ प्रकारचे वेगळे खाते उघडावे लागते. अशा खात्यातून संगणकभर लागू होणारे सॉफ्टवेअर बसवता येत नाही, आणि घरमालकाच्या खात्यातील कागदपत्रे व ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पाहुण्याच्या हाती लागत नाहीत. मॅकवरील पाहुणा-खाते तर बाहेर पडताच त्यात साठवलेल्या फाइली पुसून टाकते.

मात्र आपल्याकडील घरांत खरी गफलत डी ड्राइव्हवर होते. छायाचित्रे, सातबाऱ्याच्या प्रती, कारखान्याची बिले हे सारे ‘विंडोज बिघडली तरी राहील’ म्हणून तेथे ठेवण्याची सवय सर्वत्र आहे, आणि ती सवय एका अर्थी शहाणपणाचीही आहे. परंतु वैयक्तिक फोल्डरांना मिळणारे संरक्षण या वेगळ्या विभागाला आपोआप मिळत नाही. विंडोजच्या मूळ मांडणीत तेथील फाइली संगणकावर खाते असलेला कोणीही वाचू शकतो, आणि बहुधा बदलू व पुसूही शकतो. त्यामुळे पाहुण्यासाठी वेगळे खाते काढूनही नेमकी मोलाची कागदपत्रे उघडीच राहतात. त्या फोल्डराच्या गुणधर्मांत ‘सुरक्षा’ या भागात जाऊन सर्वांना दिलेली परवानगी काढावी आणि ती घरातल्यांच्याच खात्यांना द्यावी. तो विभाग एनटीएफएस या पद्धतीने मांडलेला असेल तरच हे शक्य होते, कारण पेनड्राइव्हवर आढळणाऱ्या एक्सफॅटसारख्या पद्धतींत विंडोजला अशी परवानगी-यादी ठेवायला जागाच नसते.

घरमालकानेही रोजच्या कामासाठी सामान्य खाते वापरावे. प्रशासकाच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, खात्यात तो काम करीत असताना एखादी फसवी फाइल उघडली आणि विंडोजने विचारलेल्या परवानगीला सवयीने होकार दिला, तर पाहुण्यावर घातलेल्या बंधनांचा त्या फाइलला काहीच अडथळा उरत नाही.

या सर्व परवानग्या कार्यप्रणाली चालू असेपर्यंतच लागू असतात. पेनड्राइव्हवरील दुसऱ्या प्रणालीने संगणक सुरू केला, किंवा डिस्क काढून दुसरीकडे जोडली, तर परवानगी-यादी मानली जाईलच असे नाही. त्यावर उपाय कूटबद्धीकरणाचा, म्हणजे किल्लीशिवाय अर्थ लागू नये अशा रूपात सारी माहिती साठवण्याचा. विंडोजच्या काही आवृत्त्यांत त्यासाठी बिटलॉकर आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट ही सोय आहे. ती चालू करताना मिळणारा पुनर्प्राप्तीचा लांबलचक संकेत कागदावर लिहून संगणकापासून दूर, घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवणे आवश्यक आहे, कारण ऐनवेळी तो मागितला गेला आणि सापडला नाही, तर घरमालकालाही आपली माहिती परत मिळत नाही.