बाळाचं पाऊल आत वळलंय? प्लास्टरनं सरळ होतं, पण बूट मध्येच सोडू नका

नवजात बाळाचं पाऊल आत आणि खाली वळलेलं दिसलं, की खानदेशातल्या अनेक घरांत ग्रहणाचा विषय निघतो आणि बोल आईला लागतो. पण क्लबफूटचा ग्रहणाशी काहीही संबंध नाही. साधारण हजारात एका बाळाला हा दोष असतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये दुप्पट. बहुतेकदा नेमकं कारण सापडत नाही.

उपचार काय?
नुसत्या मालिशनं हे पाऊल सरळ होत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची पद्धत आज जगभर वापरतात. दर आठवड्याला पाऊल हलक्या हातानं थोडं वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. अशी साधारण 5 ते 7 प्लास्टरं लागतात. बहुतेक बाळांची टाचेमागची घट्ट शीर छोटा छेद देऊन मोकळी करतात. त्यानंतर 3 आठवडे शेवटचं प्लास्टर.

मग बूट कशाला?
पाऊल पुन्हा वळू नये म्हणून. पट्टीनं जोडलेले हे बूट पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास आणि पुढे 4-5 वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालायचे. पाय सरळ दिसतो म्हणून ते सोडले, तर दोष परत येऊ शकतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून पुढच्या तारखा ठरवून घ्याव्यात.

कुठे दाखवायचं?
जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अस्थिरोग विभागात. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे आणि त्यातून उपचार मोफत होतात. गावातल्या आशाताईंना विचारा. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच सुरुवात केलेली बरी.