साल कोणतं, रंग कोणता?

दोस्तांनो, नागपुरात मानेवाड्याहून बेसाकडे निघालात, की दोन्ही बाजूंना आता इमारतीच इमारती दिसतात. तरी मधूनच एखादं जुनं अंगणाचं घर भेटतं. समजा, ते घर तुमच्या आजोबांचं आहे. अंगणात कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून काहीतरी उभं आहे. ताडपत्री ओढली, तर आत एक गोल दिव्यांची, चौकोनी पाठीची मोटार! आजोबा तिला फियाट म्हणतात. मागे डिकीवर मात्र ‘प्रीमियर पद्मिनी’ असं नाव आहे.

आता घरात वाद सुरू होतो. काका म्हणतो, "मस्त लालभडक रंग देऊ, आत डिझेलचं इंजिन टाकू. लग्नाच्या वरातीला भाड्याने जाईल!" बाबा म्हणतात, "त्यापेक्षा ही विकून याहून जुन्या सालची घेऊ. जितकी जुनी तितकी किंमत." आजोबा काहीच बोलत नाहीत. ते फक्त तुमच्याकडे बघतात. सांगा बरं, तुम्ही काय निवडाल?

घाई करू नका. आधी या गाडीची कुंडली मांडू.

एक गाडी, तीन नावं

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी विमानांचा, जहाजांचा आणि मोटारींचा, अशा तिन्ही कारखान्यांचा आपल्या देशात पाया घातला. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिथे फियाट ११०० ही मोटार तयार होऊ लागली. पन्नाशीतलं तिचं रूप गोलमटोल होतं. मुंबईकरांनी तिचं नाव काय ठेवलं असेल? ‘डुक्कर फियाट’! आज हेच नाव जुन्या गाड्यांचे शौकीन मोठ्या प्रेमाने घेतात.

१९६४ साली कोनेदार अंगाची नवी गाडी आली, ‘फियाट ११०० डिलाइट’. इंजिन १०८९ सीसीचं, आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच! पुढे सत्तरीच्या सुरुवातीला फियाटशी असलेला करार संपला. तीच गाडी थोडा काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ या नावाने विकली गेली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदललं, अंग तेच राहिलं. म्हणून तर लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. त्या काळी पैसे भरून आलात म्हणजे गाडी मिळाली असं नव्हतं हं! नंबर लागायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागे.

मग साल कोणतं?

‘सगळ्यात जुनं!’ असं तुम्ही म्हणाल. पण संग्रह करणारा माणूस चार बाजूंनी विचार करतो.

डिलाइट घेतली तर गाडीवर खरोखरचं ‘फियाट’ हे नाव मिळतं. प्रेसिडेंट थोडाच काळ बनली, म्हणून ती दुर्मिळ. पण दुर्मिळतेची दुसरी बाजू बघा. तिची एखादी नावाची पट्टी हरवली, तर दुसरी आणणार कुठून? पद्मिनी मात्र पाव शतकाहून अधिक काळ जवळपास त्याच रूपात बनत राहिली. त्यामुळे तिचे सुटे भाग शोधणं त्यामानाने सोपं. अगदी शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांत गिअर खाली जमिनीवर आला. चालवायला त्या सोप्या, पण जुनेपणाची मजा कमी.

आणि चौथी बाजू कायद्याची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी खास नियम काढला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. अशी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

आता करा गणित. १९७४ साली नोंदलेली पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. पण डिसेंबरात कारखान्यातून निघालेली गाडी जानेवारीत नोंदली गेली असेल तर? एक वर्ष पुढे! म्हणून लोकांनी सांगितलेल्या सालावर जाऊ नका. आरसी बुक उघडा. बनल्याची तारीख वेगळी, नोंदणीची वेगळी. त्यातला चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी ताडून बघा. आकडे जुळले, तर ते साल खरं.

काकाच्या डिझेल इंजिनाचं काय झालं, कळलं ना? ते बसलं, की ‘मूळ रूप’ गेलं. आणि ‘व्हीए’ नंबर घेतला, तर वरातीचं भाडंही गेलं!

आणि रंग?

रंगाच्याही गमती आहेत. अमेरिकेतली फोर्डची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळत असे. पूर्वी शर्यतीच्या गाड्यांचे रंग देशावरून ठरत. इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा, फ्रान्सचा निळा. आणि आपल्या पद्मिनीचा सगळ्यांना ठाऊक असलेला रंग कोणता? मुंबईच्या टॅक्सीचा काळा-पिवळा! तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. तिची २० वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. तेव्हा कितीतरी लोक हळहळले. रंग नुसता रंग नसतो, त्याला आठवणी चिकटलेल्या असतात.

नागपूरच्या उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. काळं अंग ऊन पिऊन घेतं, पांढरं ते परतवतं. जुन्या धाटणीचा लाल रंग उन्हात लवकर विटतो. काकाचा लालभडक दोन-चार उन्हाळ्यांनी विटकरी दिसू लागला, तर नवल नाही.

पण सगळ्यात मोलाचा रंग कोणता? जो गाडी जन्मताना घेऊन आली, तो. तो शोधायचा कसा? ही खरी गंमत. बाहेरून चार वेळा रंग दिला असेल, पण लपलेल्या जागा मिस्त्री विसरतो. दाराच्या रबराखाली बघा. डिकीतली चटई उचला. डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारा. झाडाच्या खोडात वर्तुळं दिसतात ना, तसे रंगाचे थर सापडतील. सगळ्यात खालचा म्हणजे मूळ. तो आरसी बुकातल्या रंगाशी जुळतो का, ते बघा. मग एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून हळूच फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्रा सडला किंवा चेपला होता आणि वरून लांबी भरली आहे, असं समजा. हे सगळं मोठ्यांना विचारून करायचं, बरं का! नखाने रंग खरवडायचा नाही.

निकाल तुमचा

आता अंगणात परत या. समजा, चटईखाली फिकट निळा रंग निघाला. आरसी बुकातही निळाच. नंबर जुळले. साल १९७४. म्हणजे बाबा जी ‘चांगल्या सालची’ गाडी शोधायला निघाले होते, ती दारातच उभी आहे! पत्रा सडला असेल तर दुरुस्त करावा लागेल, रंगही द्यावा लागेल. पण तो त्याच निळ्याशी जुळवून. आणि जिथे जुना रंग नुसता विटलाय, तिथे पॉलिश करून तो तसाच राहू द्यावा. नवा रंग केव्हाही देता येतो, मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही.

दुसऱ्याची डिलाइट कदाचित जास्त जुनी असेल. दुसऱ्याचा लाल कदाचित जास्त चमकेल. पण जिचे कागद, आकडे आणि रंग एकच गोष्ट सांगतात, तीच गाडी जपण्याजोगी.

तुमच्या ओळखीत अशी गाडी असेल, तर या सुट्टीत वही घेऊन जा. साल, नोंदणीची तारीख, दोन्ही नंबर आणि चटईखालचा रंग लिहून ठेवा. मग हळूच विचारा, "आजोबा, ही घरी आली तेव्हा कोण कोण बसलं होतं हो?"

ते उत्तरही लिहून घ्या. ते कुठल्याच आरसी बुकात सापडणार नाही.