पाटीचा पत्रा आणि मोटारीचं पोट

कोल्हापुरातून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला कळंब्यापर्यंत दुकानं वाढत गेली, तशा त्यांच्या पाट्याही बदलल्या. पूर्वी पेंटर शिडीवर चढून पत्र्यावर अक्षरं काढायचा. आता सपाट, चकचकीत, हव्या त्या रंगाचा पत्रा येतो. दुकानदार त्याला ‘एसीपी’ म्हणतात. पाटी बसवून झाली की त्याचे हात-दीड हात लांबीचे तुकडे उरतात, आणि चांगला तुकडा फेकून देणं हे काही कोल्हापूरकराच्या रक्तात नाही.

आमच्या गल्लीतल्या एका आयटीआय झालेल्या मुलाने असेच तुकडे गोळा केले होते. त्याच्या जुन्या मोटारीचं इंजिनाखालचं झाकण दगड लागून फुटलं होतं. मी सहज चौकशी केली, तर म्हणाला, “काका, कंपनीचा पार्ट परवडत न्हाई. ह्यो पत्रा हलका हाय, गंजत न्हाई. मापात कापायचा आन् ठोकायचा!”

त्याचं निम्मं म्हणणं अगदी बरोबर होतं. हा पत्रा म्हणजे सँडविच. वर-खाली ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि मध्ये बहुधा पॉलिथिलीन. चार मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात अर्धा-अर्धा मिलिमीटरचे दोन थर असले, तर एका चौरस मीटरचं वजन साधारण साडेपाच किलो भरतं. तितकाच ताठपणा नुसत्या ॲल्युमिनियममधून हवा असेल, तर सव्वातीन मिलिमीटरहून जाड पत्रा लागेल आणि वजन नऊ किलोच्या आसपास जाईल. पत्रा वाकताना ताण पडतो तो बाहेरच्या थरांवर. मधल्या भागाचं काम त्यांना एकमेकांपासून दूर धरण्याचं. ते काम हलकी वस्तूही करते.

ही युक्ती नवी नाही. ब्रूस मॅक्लारेन यांनी १९६६ मध्ये आपली पहिली फॉर्म्युला वन मोटार शर्यतीत उतरवली, तेव्हा तिच्या सांगाड्यात ‘मॅलाइट’ नावाचा पत्रा होता. दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये हलकं बाल्सा लाकूड! सांगाडा ताठ झाला, पण मॅलाइटला गोलाई देणं अवघड गेलं. पुढे १९८१ मध्ये याच मॅक्लारेन संघाने कार्बन फायबरचा सांगाडा आणला आणि शर्यतीच्या मोटारींचं रूपच पालटलं. आपल्या जवळ, गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लासच्या अंगाची छोटी मोटार तयार होत असे. आणि घरच्या घरी मोटार करण्याचं वेड तर आपल्याच जिल्ह्यात होतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना केला आणि पुढे कित्येक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. ‘मीरा’ बाजारात आली नाही. पण हाताने करून बघण्याची ती खोड उद्यमनगरात आजही जागोजागी दिसते.

मग त्या मुलाचं चुकत होतं कुठे? जागेत. पॉलिथिलीन साधारण ११० ते १३० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. इंजिनाखालून जाणारा धुराचा पाइप कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. शिवाय पॉलिथिलीन पेटतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली, ती बाहेरून लावलेल्या अशाच गाभ्याच्या पत्र्यांमुळे झपाट्याने वर चढली. ७२ माणसं गेली. आग सहज न पकडणाऱ्या, खनिज मिसळलेल्या गाभ्याचे पत्रेही मिळतात, पण पाटीच्या उरलेल्या तुकड्यावर तसं लिहिलेलं असेलच असं नाही.

मी हे सांगितल्यावर तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, “तर मग डिकीत लावू काय?” हे मात्र पटण्यासारखं होतं. डिकीचा तळ किंवा हत्यारांच्या पेटीचं झाकण, अशा थंड आणि सपाट जागी हा पत्रा शोभतो. त्याने पत्र्याच्या मागच्या बाजूने व्ही आकाराची खाच पाडली आणि पुढचा थर अखंड ठेवून पत्रा हाताने दुमडला. कोपरा सुरेख वळला. भोकं थोडी सैल ठेवली, कारण ऊन लागलं की पत्रा वाढतो. रिव्हेटखाली रुंद वॉशर घातले. कापलेली कड सुरीसारखी असते, तिच्यावर रबरी पट्टी चढवली. इंजिनाखालचं झाकण मात्र त्याने भंगारबाजारातून, त्याच मोटारीचं, जुनं शोधून आणलं.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा दर बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. डिकीतल्या फळीने काही बिघडत नाही. पण बंपरची आतली पट्टी, सीटचा आधार, इंजिन आणि माणसं यांच्यामधला पडदा, हे भाग अपघातात जीव वाचवण्यासाठी असतात. तिथे घरचा पत्रा नको.

मुलांच्या हातात पाना आणि करवत असावी, असं मला मनापासून वाटतं. विकतचं आणून बसवणाऱ्यापेक्षा तुकड्यातून वस्तू घडवणारा मुलगा जास्त शिकतो. घरच्या मोठ्यांनी त्याला अडवू नये. फक्त दोन प्रश्न विचारावेत. हा भाग किती तापतो? आणि हा तुटला, तर कोणाला लागेल? दोन्हींची उत्तरं त्याने विचार करून दिली, तर खुशाल करवत चालू द्यावी.