कार्यकर्त्याला विचारणारे कोणी हवे

‘पर्यवेक्षण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हजेरीपट, शेरा आणि सही उभी राहते. समाजकार्याच्या शिक्षणात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. घाटकोपरपासून जवळच, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ साली ती नागपाड्यात समाजकार्याचे विद्यालय म्हणून सुरू झाली. तेथे वर्गाइतकेच क्षेत्रकार्य महत्त्वाचे. वस्तीत, रुग्णालयात जे केले ते लिहून काढायचे आणि पर्यवेक्षकासमोर बसून त्यावर बोलायचे.

समजा, रमाबाई आंबेडकर नगरातील एका मुलीची शाळा सुटली. कार्यकर्ती घरी जाऊन आली व तिने वहीत लिहिले, ‘आईला शिक्षणाचे महत्त्व समजावले. आई गप्प राहिली.’ तपासणी करणारा येथे बरोबरची खूण करील. पर्यवेक्षक विचारील: समजावले म्हणजे नेमके काय बोललात? आई कोणत्या वाक्यानंतर गप्प झाली? तेव्हा तुम्हाला राग आला का? उत्तरे शोधताना कार्यकर्तीच्या ध्यानात येते की, धाकट्या भावंडाला कोण सांभाळते हे विचारायचेच राहिले. मुलगी शाळेत परतली तर ती पुढच्या भेटीमुळे परतेल.

आपल्याच कृतीकडे असे वळून पाहण्याच्या पद्धतीला डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ च्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या ग्रंथाने प्रसिद्धी मिळाली. शॉन यांचा पीएच.डी.चा प्रबंध जॉन ड्युई यांच्या विचारांवर होता. आणि ड्युई म्हणजे कोलंबिया विद्यापीठातील बाबासाहेबांचे प्राध्यापक. आपल्या विद्यार्थ्यांनी हा धागा जरूर ध्यानात ठेवावा.

आल्फ्रेड काडुशिन यांनी पर्यवेक्षणाची तीन कामे सांगितली आहेत: प्रशासन, शिक्षण व आधार. आपल्याकडे बहुधा पहिलेच तेवढे उरते. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी सेविकेवर पर्यवेक्षिका असते. पण तिचा बराच वेळ नोंदवह्या पाहण्यात जातो. एखाद्या बाईच्या मारहाणीची हकीकत ऐकून सेविकेची झोप उडाली, तर तिने कोणाला सांगावे? घरी बोलता येत नाही, कारण गोष्ट दुसऱ्याच्या संसाराची असते. अशी सेविका एक दिवस काम सोडते आणि आपण म्हणतो, तिला आवडच नव्हती.

नोकरी सांभाळून काम करणाऱ्या सभासदांना पर्यवेक्षक कोठून मिळणार? तिघांनी महिन्यातून एकदा तासभर बसावे. एकाने आपली नोंद वाचावी, कुटुंबाचे नाव न घेता. इतरांनी पहिला अर्धा तास केवळ प्रश्न विचारावेत. हे वाटते त्याहून अवघड आहे. सल्ला देण्याची आपल्याला भारी हौस! वही मात्र लिहिणाऱ्याकडेच राहावी, संस्थेच्या कपाटात नको. नाहीतर पुढच्या वेळी तो साहेबांना आवडेल तेवढेच लिहील.