समोर बसलंय ते कोण?

दवाखान्याचं दार : लेखांक 9

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, डॉक्टरची वेळ मिळायला किती ताटकळावं लागतं ते गेल्या आठवड्यात पाहिलं. ती रांग हलवायला तिथे जो उपाय काढला, तो आजचा विषय.

2022 साली लंडनमधली 30 वर्षांची एक तरुणी पोटरी दुखते म्हणून फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. काही दिवसांनी पुन्हा गेली, तेव्हा पाय सुजला होता आणि धाप लागत होती. मुरगळ, मनावरचा ताण, कोविडनंतरचा त्रास अशी निदानं झाली. खरं तर शिरेत रक्ताची गुठळी होती. ती फुप्फुसात गेली आणि मुलगी दगावली. दोन्ही वेळा तिला तपासलं ते फिजिशियन असोसिएटने. आपण डॉक्टरलाच दाखवून आलो, असं ती अखेरपर्यंत समजत होती.

हे असोसिएट म्हणजे बहुधा विज्ञानाची पदवी घेऊन वर दोन वर्षांचं वैद्यकीय शिक्षण घेतलेले लोक. कल्पना मूळची अमेरिकेतली. 1965 मध्ये ड्यूक विद्यापीठाने नौदलातून बाहेर पडलेल्या वैद्यकीय सहायकांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. ब्रिटनमध्येही आधी ‘असिस्टंट’च म्हणत, 2014 मध्ये त्याचं ‘असोसिएट’ झालं. मला हा बदल फार महागात पडलेला वाटतो. असिस्टंट म्हटलं की वर कुणीतरी आहे हे कळतं. असोसिएट म्हटल्यावर पेशंटने काय समजायचं?

त्यांना औषध लिहून देता येत नाही, एक्स-रे सांगता येत नाही. चिठ्ठीवर सही डॉक्टरची लागते. पण त्या डॉक्टरकडेही एका पेशंटला जेमतेम दहा मिनिटं. दोन पेशंटच्या मधे समोर आलेल्या चिठ्ठीवर तो सही करतो. पोटरीला हात लावायला तो उठत नाही. देखरेख म्हणतात ती प्रत्यक्षात एवढीच उरते.

संख्या वाढली ती पैशाच्या वाटेने. दवाखान्यांना जादा माणसं नेमायला सरकारी निधी मिळू लागला, त्यातून असोसिएट घेता येत, डॉक्टर मात्र घेता येत नसत. ही अट 2024 मध्ये सैल झाली, तोवर शिकून तयार झालेले फॅमिली डॉक्टर नोकरी शोधत फिरत होते. 2023 च्या सरकारी आराखड्यात तर 2036-37 पर्यंत 10 हजार असोसिएट करायचे होते. त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे सुरू झाली डिसेंबर 2024 मध्ये. आधी माणसं नेमली, नियम मागाहून आले.

या असोसिएटना मी दोष देणार नाही. निदान झालेल्या मधुमेह्याची नियमित तपासणी, वॉर्डातली कामं ते नेटाने करतात. अडचण येते ती निदान न झालेल्या पेशंटपाशी. शंभर पोटऱ्या दुखतात, त्यातल्या बहुतेक मुरगळलेल्याच असतात. उरलेली एखादी ओळखायला दोन पायांचा घेर टेपने मोजावा लागतो, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारावं लागतं, आणि मुळात मनात शंका यावी लागते. ती शंका येण्यासाठीच तर डॉक्टर वर्षानुवर्षं घासतो.

या असोसिएटबद्दल सरकारने मागवलेला प्राध्यापक जिलियन लेंग यांचा अहवाल जुलै 2025 मध्ये आला. त्यांनी हेच म्हटलं: निदान न झालेला पेशंट पहिल्यांदा असोसिएटने पाहू नये, नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करावं, गणवेश आणि बिल्ला वेगळा असावा.

बिल्ल्याची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडे कंपाउंडरलाही ‘डॉक्टर’ अशी हाक जाते, आणि तो ओ देतो. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. त्यांतले कितीतरी बीएएमएस, काही नर्सिंग केलेले. सुया, गोळ्या, बीपी सगळं तिथेच होतं. त्यांनी काय करायचं, कुठे थांबायचं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं, ते पुढच्या लेखांकात.