खडकीचं काडतूस, बालेवाडीचा नेम

बारा बोअरच्या जुन्या काडतुसाचं पितळी बूड उजेडात धरलं की त्यावर 'के. एफ.' ही रोमन अक्षरं उठलेली दिसतात. म्हणजे किर्की फॅक्टरी. मुळेकाठच्या खडकीत 1869 साली सुरू झालेला हा दारूगोळा कारखाना. देशातल्या कुठल्याही जिल्ह्यातला बंदूकवाला दुकानात जाऊन 'शक्तिमान' काडतुसांची पेटी मागतो, तेव्हा तो नकळत पुण्याचाच माल मागत असतो. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या दारूगोळ्याच्या कंपनीचं, म्हणजे म्युनिशन्स इंडियाचं, मुख्यालयही पुण्यातच आलं. तिकडे पाषाणला 'एआरडीई' ही 1958 साली स्थापन झालेली संरक्षण संशोधन संस्था आहे. लष्कराची इन्सास रायफल, त्यानंतरची जेव्हीपीसी कार्बाइन, महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर घडवून 2021च्या जानेवारीत जाहीर केलेलं 'अस्मी' मशीन पिस्तूल, या सगळ्यांच्या आराखड्यांवर पाषाणचा हात आहे.

म्हणजे बंदूक इथे कागदावर उतरते आणि तिची काडतुसं इथे भरली जातात. आता याच शहरात राहणाऱ्या, हातात थोडे पैसे असलेल्या माणसाला वाटलं की आपण छंद म्हणून सेमी-ऑटोमॅटिक बंदूक घ्यावी, तिला चांगली दुर्बीण बसवावी, पुढच्या वर्षी ती विकून दुसरी घ्यावी, तर?

अमेरिकेत हा छंद शनिवार-रविवारचा आहे. तिथे एआर-15 जातीच्या रायफलवर अख्खा सुट्या भागांचा बाजार उभा आहे. नळी एकाची, दस्ता दुसऱ्याचा, खटका तिसऱ्याचा, वर पट्टीवर सरकवून बसवायची दुर्बीण आणि टॉर्च. त्यांच्या केंद्रीय कायद्यात 'बंदूक' म्हणजे फक्त तो एक क्रमांक कोरलेला खालचा सांगाडा. बाकी बहुतेक सुटे भाग घरपोच येतात. आपल्याकडे 1959चा शस्त्र कायदा याच्या नेमका उलटा चालतो. त्याच्या व्याख्येत सुटे भागही शस्त्रातच मोडतात. आवाज किंवा ज्वाळ दाबणारं नळकांडं तर प्रतिबंधित शस्त्रांच्याच रांगेत बसतं. परवानगीशिवाय नळी कापून आखूड केली किंवा खेळण्यातल्या बंदुकीची खरी केली, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. थोडक्यात, तिकडच्या हौशी माणसाचा जो आवडता उद्योग, तो आपल्याकडे थेट फौजदारी कलमाखाली येतो.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, हेही जरा सांगायला हवं, कारण सिनेमाने फार घोळ घातला आहे. चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते. मात्र रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढचं नळीत भरण्याचं काम बंदूक स्वतः करते. अशी मोठ्या काडतुसाची रायफल भारतात साध्या परवान्यावर मिळत नाही. त्याला केंद्रीय गृहमंत्रालयापर्यंत जावं लागतं आणि हौस हे कारण तिथे चालत नाही. पिस्तुलाचं तसं नाही. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल सामान्य माणसाला मिळू शकतं, पण 9 एमएम वगैरे पोलिस-लष्कराच्या बोअरमध्ये नाही. म्हणून भारतातला बहुतेक खासगी पिस्तूल-बाजार 'पॉइंट थर्टी टू' या एका आकड्याभोवती फिरतो. पुणे शहरात परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलिस आयुक्त. अर्ज, पोलिस पडताळणी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक, आणि सगळ्यात अवघड प्रश्न: तुम्हाला हवी कशाला? 2019च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मुभा राहिली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. त्याच दुरुस्तीत लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही, आलं. हे बरंच झालं.

विकायची म्हटली तरी घाई चालत नाही. स्वतःच्या वापरातली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल, तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला कळवायचं आणि मग किमान 45 दिवस थांबायचं. बंदुकीचे दुकानदार या खोळंब्यावरच थोडंफार जगतात, कारण लोक हत्यारं त्यांच्याकडे भाड्याने सांभाळायला ठेवतात. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं जमा करायची वेळ येते, तेव्हा तर विचारूच नका. 2024 मध्ये पुण्यात मे महिन्यात लोकसभेचं मतदान झालं आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं. म्हणजे हा सोहळा एका वर्षात दोनदा.

या बाजाराची खरी गंमत किमतीत आहे. ऐंशीच्या दशकात सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. त्याआधी जी वॉल्थर, ब्राउनिंग, वेब्ली पिस्तुलं देशात आली होती, तीच आजवर हातोहात फिरताहेत. वाढ नाही, फक्त झीज. त्यामुळे युरोपात जुन्या बाजारात किरकोळ भावाने जाणारं साठ-सत्तर वर्षांचं पिस्तूल इथे लाखांच्या बोलीला जातं. सरकारी कारखान्यांनी .32चं पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर काढली. 2014 मध्ये कानपूरहून 'निर्भीक' हे हलकं रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून वाजतगाजत आलं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. 2020च्या अखेरीस वेब्लीचं नावही उत्तर प्रदेशातल्या कारखान्यातून परत आलं. तरी जुन्या विलायती मालाचा तोरा उतरलेला नाही. माझ्या मते यात नेमबाजीचा संबंध फार थोडा आहे. ही जमिनीच्या सातबाऱ्यासारखी मिरवायची मालमत्ता आहे. वर्षानुवर्षं कपाटात राहिलेल्या पिस्तुलाला छंद म्हणणं म्हणजे छंदाचा अपमान.

आणि सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल मराठी मुलखात आलं ते छंद म्हणून नव्हेच. 1878च्या लिटनच्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाचं हत्यार परवान्यात अडकवलं आणि गोऱ्यांना मोकळं सोडलं. त्याला उत्तर म्हणून 1909च्या सुरुवातीला सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर चोरकप्प्याच्या पेटीतून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. त्यातलंच एक 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या हातात होतं आणि कलेक्टर जॅक्सन मारला गेला. पुढे चाळीसच्या दशकात पुण्याच्या नारायण पेठेत दिगंबर बडगे यांचं 'शस्त्र भांडार' होतं. समोर कट्यारी, सुरे, वाघनखं असा परवाना न लागणारा माल, आणि आतून काडतुसं आणि बंदुकांचे चोरटे व्यवहार. हेच बडगे लाल किल्ल्यातल्या गांधीहत्येच्या खटल्यात माफीचे साक्षीदार झाले. 30 जानेवारी 1948 ला वापरलेलं पिस्तूल मात्र त्यांच्या भांडारातलं नव्हतं. ते इटलीचं 1934च्या मॉडेलचं बेरेटा सेमी-ऑटोमॅटिक ग्वाल्हेरहून मिळवलेलं होतं. एका बंदुकीचा माग हातोहात लावता येणं का महत्त्वाचं असतं, हे त्या खटल्याचे कागद वाचताना कळतं. 45 दिवसांच्या अटीवर वैतागणाऱ्यांनी ते जरूर चाळावेत.

आता बालेवाडी. 1994च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. 2011 मध्ये गगन नारंग आणि पवन सिंग यांनी इथेच 'गन फॉर ग्लोरी' अकादमी काढली. बंदुकीचा जो छंद पुण्यात खऱ्या अर्थाने वाढला, तो इथे. त्याचं दार आहे एअर रायफल आणि एअर पिस्तूल. .177 म्हणजे साडेचार मिलिमीटरची नळी आणि वीस ज्यूलच्या आतली ताकद असेल, तर 2016च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. ठाण्याची प्रिसीहोल ही कंपनी अशा बंदुका बनवते. पण मूल जिल्हा, राज्य करत 'मावळणकर'पर्यंत पोचलं की घरात जर्मन वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, ऑस्ट्रियाची स्टायर, स्वित्झर्लंडची मोरिनी ही नावं सुरू होतात आणि वडील बँकेत जाऊन बसतात. (मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर. 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. आज रेंजवरच्या बारा वर्षांच्या मुलीला ते फक्त एका स्पर्धेचं नाव आहे.)

सजावट म्हणाल तर ती इथे बघावी. पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते, पण तयार मूठ कुणाच्याच हातात नीट बसत नाही. नेमबाज हातात कानस आणि लाकडाची लुकण घेऊन बसतो. अंगठ्याखाली थोडं घासायचं, तळव्याच्या खळग्यात थोडं भरायचं, वाळलं की पुन्हा धरून बघायचं. हे महिनोन्महिने चालतं. पाचशे पेलेटच्या डबीवर 4.49 किंवा 4.50 असा डोक्याचा व्यास छापलेला असतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी लोक बंदूक शिकंजात आवळून वेगवेगळ्या डब्यांचे 'ग्रुप' काढतात आणि जमलेल्या लॉटच्या डब्या पुढच्या मोसमासाठी उचलून ठेवतात. वेड आहे खरं, पण दहा मीटरवर एअर रायफलच्या दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्याला इलाज नाही. कॅनव्हासचं कडक जॅकेट, सपाट तळाचे बूट, एका डोळ्यावरची झापड, हे सगळं धरून 'किट' होतं. त्यात हत्यार मिरवायला घेतलेली एकही वस्तू नसते.

कायदेशीर सेमी-ऑटोमॅटिक या खेळात भेटतं ते 25 मीटरवर. पॉइंट टू-टूचं पिस्तूल, पाच गोळ्या. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आधी आठ, मग सहा, मग चार सेकंदांत. सुभेदार विजय कुमार यांनी 2012 मध्ये लंडन ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात रौप्य मिळवलं. महिलांच्या 25 मीटर पिस्तुलात कोल्हापूरची राही सरनोबत 2013 मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण जिंकली आणि 2018 मध्ये आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला झाली. स्पर्धेआधी तपासणीच्या टेबलावर हे पिस्तूल 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसतं का ते बघतात. मग नळी वर करून चापाला एक किलोचं वजन अडकवतात आणि अलगद उचलतात. वजन टेबलावरून उचललं जाण्याआधी घोडा सुटला, की पिस्तूल परत. मालिकेत काडतूस अडकलं तर नेमबाज बंदुकीशी खटपट न करता दुसरा हात वर करतो, पंच येतो, बघतो, आणि बिघाड खरा असेल तरच पुन्हा संधी मिळते. त्या क्षणी रेंजवर बोलायचा अधिकार एकट्या पंचाला असतो.

स्वप्निल कुसाळेची रायफल मात्र सेमी-ऑटोमॅटिक नव्हे, प्रत्येक गोळीला बोल्ट हाताने ओढायची. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा क्रीडा प्रबोधिनीत घडला, मध्य रेल्वेच्या पुणे विभागात टीसी झाला आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्य घेऊन आला. त्याच्या मागे प्रशिक्षक दीपाली देशपांडे होत्या, आणि त्यांच्या आधी-बरोबरीने अंजली भागवत, सुमा शिरूर, 2010ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत ही सगळी परंपरा. महाराष्ट्रात बंदूक सर्वाधिक प्रतिष्ठेने कुणी हाताळली असेल तर ती बायकांनी, हे आपण पुरेसं बोलत नाही.

सरकारनेही खेळाडूंना वेगळं मोजलं आहे. फेब्रुवारी 2020च्या अधिसूचनेने नामवंत नेमबाजांना बारापर्यंत बंदुका ठेवता येतात, सरावाच्या काडतुसांचा कोटाही वाढला. दोन बंदुकांची मर्यादा सामान्यांसाठी आणि बारा नेमबाजांसाठी, हा भेदभाव मला पूर्ण मान्य आहे. तक्रार आहे ती वेगळीच. एअर पिस्तुलावरून 25 मीटरवर जाऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गीय पोराला परवाना, आयात आणि काडतुसं या तिन्ही रांगांत उभं राहावं लागतं. निदान सरावाचं पिस्तूल आणि काडतुसं रेंजच्या मालकीची आणि सहज मिळणारी असावीत.

कायदा इतका कडक, मग रस्त्यावरचे गोळीबार होतात कसे? त्यांचा या परवान्यांशी संबंध क्वचितच असतो. 2018च्या स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या अंदाजानुसार भारतात लोकांकडे सात कोटींवर बंदुका आहेत आणि त्यातल्या नोंदलेल्या जेमतेम 97 लाख. पुण्यात सापडणाऱ्या गावठी कट्ट्यांचा माग अनेकदा जळगावच्या चोपड्यापलीकडे, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टी गावाशी जातो. नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. रीतसर परवाना काढून वर्षानुवर्षं नूतनीकरणाच्या रांगेत उभा राहणारा माणूस आणि काही हजारांत कट्टा घेणारा माणूस, हे दोघं एकमेकांना कधी भेटतही नाहीत.

शेवटी एक कामाची गोष्ट. पुण्याच्या जुन्या वाड्यांमध्ये, मावळ-मुळशीच्या घरांमध्ये आजोबांची बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक माळ्यावर असण्याची शक्यता अजून आहे. अगदी पुराणी, कधीच चालू न शकणारी असेल तर कायदा तिला सूट देतो. पण ती तशी आहे की नाही हे घरी बसून ठरवू नका. मूळ परवानाधारक वारला असेल, तर वारसाने ती जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. परवाना स्वतःच्या नावावर हवा असेल तर अर्ज त्यानंतर. दिवाळीच्या साफसफाईत सापडली, तर तिला तेल घालत बसू नका. आधी नळीवरचा क्रमांक टिपून घ्या आणि पोलिस ठाण्याला फोन करा.